मूठभर, पण दर महिन्याला

पहाटे साडेतीनचा हा शॉट आहे. अंधारात नीट काही दिसत नाहीये पण आवाज ऐका, भाकऱ्या थापायचा आवाज आहे, एकाच वेळी पंधरा-वीस चुलींवर. बारामती भागातल्या एका साखर कारखान्याजवळचं हे माळरान, आणि या ज्या ऊसतोड मजुरांच्या, बांबूच्या, चटया आणि ताडपत्री टाकलेल्या झोपड्या दिसतायत त्यांना कोप्या म्हणतात. आत ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच जायचं. एका कोपीत एक कोयता. इथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मिळते ती जोडीला, आणि दोघांपैकी एकजण जरी आजारी पडला तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो, म्हणून ताप असला तरी उसाच्या फडात जायचंच.

आता चारच्या सुमाराला ट्रॅक्टर येईल, आई-बाप जातील, आणि मग कॅमेरा इथेच राहणार आहे कारण आपल्याला जे बघायचंय ते मागे राहिलेलं आहे. मागे राहतात मुलं.

मी पुण्यात शिकते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम भरायचं असतं आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर असतं, तेवढ्यापुरतीच आले होते खरंतर मी इथे. मी पहिल्या वर्षाला असताना जानेवारीत पहिल्यांदा आलो तेव्हा आम्ही महिनाभर आधीपासून वस्तू गोळा केल्या होत्या. सोसायट्यांमधून, ओळखीच्यांकडून, कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून. वह्या, दप्तरं, कंपासपेट्या, रंगपेट्या, असा एक टेम्पो भरला. लोकांनी खूप मनापासून दिलं, हे मला आधीच सांगायचंय, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते देणाऱ्यांना नावं ठेवायला नाही. वाटप झालं, फोटो झाले, मुलं खूष, आम्ही खूष, परत येताना गाडीत गाणी म्हणत आलो.

महिन्याने मी आणि दोन मैत्रिणी परत गेलो, शिबिर वगैरे काही नव्हतं, सहजच. तर वह्यांची पानं चुलीत पेटवायला घेतलेली दिसली. मला रडूच आलं आधी. मग एका ताईंनी, म्हणजे एका पोरीच्या आईनं, अगदी साधेपणाने सांगितलं की "लिवायला सांगणारंच कुणी नाय बाई, मग कागूद तसाच पडून भिजतो." बरोबरच होतं त्यांचं. आम्ही वही दिली होती पण वहीत काय लिहायचं ते सांगणारा माणूस दिला नव्हता, आणि माणूस नसेल तर वही म्हणजे कागदच.

त्या दिवशी एक मुलगी भेटली, दहा वर्षांची असेल, चौथीतली. गाव बीड जिल्ह्यात धारूरकडे. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आम्ही दिलेल्या कंपासपेट्यांपैकी तिच्याकडे दोन होत्या. तिने एक उघडून दाखवली, आत सुई-दोरा, दोन बटणं, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं तिच्या गावच्या शाळेचं ओळखपत्र. ते तिने ऑक्टोबरपासून जपून ठेवलं होतं. आणि मग तिने मला जे विचारलं ते मी आजपर्यंत विसरले नाहीये. म्हणाली, "ताई, पावणेदोन आकड्यात कसं लिवत्यात?" मी म्हटलं तुला कशाला पाहिजे, तर म्हणाली वजनाच्या पावतीवर आकडे असतात, पप्पांना वाचता येत नाही, मुकादम सांगतो पावणेदोन टन पण पावतीवर तेच लिवलंय का ते बघायचंय.

चौथीच्या पोरीला दशांश अपूर्णांक हवा होता. परीक्षेसाठी नाही, बापाच्या मजुरीसाठी. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली, त्यासाठी संप-आंदोलनं झाली, पण वाढलेला दर शेवटी गुणायचा असतो तो त्या पावतीवरच्या आकड्याला. तिथेच जमिनीवर उसाच्या कांडीनं मी 1.75 लिहिलं, तिने दोनदा गिरवलं आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

आता तुम्ही विचाराल की मुलांना गावीच का ठेवत नाहीत. ठेवतात की, ज्यांचे आजी-आजोबा धडधाकट आहेत ते ठेवतात, आणि सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे आई-बाप तोडीला गेले की गावच्या शाळेतच मुलांच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी. पण सगळीकडे ते वेळेवर उघडतंच असं नाही, आणि आजीच आजारी असेल तर काय, आणि तान्हं मूल सांभाळायला मोठी बहीण लागतेच ना. दिवाळीच्या आसपास मजुरांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो, तेव्हा परततात. शाळेचं अख्खं दुसरं सत्र गेलं. असं दोन-तीन वर्षं झालं की मूल वर्गात बसतं पण त्याला काही कळत नाही, आणि मग ते स्वतःच शाळा सोडतं. आपण म्हणतो गळती.

आम्ही जवळच्या झेडपीच्या शाळेत गेलो. मनात धाकधूक होती की दाखला मागतील, नाही म्हणतील. हेडमास्तर म्हणाले, पाठवा की! शिक्षण हमी कार्ड असेल तर उत्तमच, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेतून ते कार्ड मिळतं आणि नव्या शाळेला मूल कितवीत आहे, काय येतंय ते कळतं. आणि कार्ड नसलं तरी घेतो म्हणाले. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, त्यात आहेच की 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि दाखला नाही म्हणून अडवायचं नाही. पुस्तकं आठवीपर्यंत सरकारी शाळेत फुकट असतात. दुपारचा पोषण आहार शाळेत. म्हणजे शाळा होती, मास्तर होते, पुस्तक होतं, खिचडी होती.

नव्हती ती फक्त रिक्षा.

वस्तीपासून शाळा तीन किलोमीटर, आणि रस्ता हा असा, बघा स्क्रीनवर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागचं काही दिसत नाही त्यांना. सहा-सात वर्षांचं पोर या रस्त्यानं चालत कसं पाठवणार, मी आई असते तर मीही नसतं पाठवलं. गावातल्या एका रिक्षावाल्या काकांशी बोललो, ते म्हणाले चौदा मुलं, दोन खेपा, सकाळ-संध्याकाळ, महिन्याला साडेचार हजार द्या.

मग आम्ही ज्यांनी दप्तरं-वह्या दिल्या होत्या त्यांच्यापैकी काहींना फोन केले. चांगली माणसं, पण बरेचजण म्हणाले की रिक्षाला कसे पैसे देणार, काहीतरी वस्तू सांगा, मुलांच्या हातात काहीतरी दिसलं पाहिजे. एक काकू म्हणाल्या जूनमध्ये सांग, आम्ही दरवर्षी जूनमध्ये देतो. मला राग नाही आला पण मी खूप विचार करत बसले त्या रात्री. जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून देतात, पंधरा ऑगस्टला देतात, मुलाच्या वाढदिवसाला देतात, कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यावरच्या खर्चाचा, हिशोब 31 मार्चला संपतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ असते. आणि या मुलांना गरज कधी असते, तर नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी साडेनऊला, रिक्षा येते की नाही एवढीच. आपल्या देण्याच्या तारखा आपल्या सोयीच्या आहेत. त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत.

मी हे घरी बोलत होते तेव्हा आजोबा ऐकत होते. आजोबा साताऱ्याकडचे, रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकलेले. लहानपणापासून मी त्यांच्याकडून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या गोष्टी ऐकल्यात पण खरं सांगते, कंटाळा यायचा, तेच तेच. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. 1919 साली कराडजवळ काले गावात त्यांनी ही रयत संस्था सुरू केली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह, त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या काळात! पैसा कुठून यायचा, तर लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, पोरांना जेवायला घालायला म्हणून. ही गोष्ट सगळ्यांना माहितीये. पण आजोबा म्हणाले, त्याच्या जोडीला अजून एक होतं ते लोक विसरतात, मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळायला-रांधायला धान्य काढलं की त्यातलं एक मूठ बाजूला ठेवायचं, आणि ते गोळा करून बोर्डिंगात आणायचं. एक मूठ ज्वारीने कुणाचं काही कमी होत नाही. पण ती येत राहिली पाहिजे. "मंगळसूत्र एकदाच मोडता येतं गं," आजोबा म्हणाले, "मूठ रोज काढता येते."

आणि मग मला बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आठवली, सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला दिलेली. ती दर महिन्याला साडेअकरा पौंड अशी होती, तीन वर्षं. एकदा मोठी रक्कम देऊन जा बाबा अमेरिकेला, असं नव्हतं. शिकणाऱ्याला पुढच्या महिन्याची खात्री लागते, तेव्हाच त्याचं डोकं पुस्तकात राहतं. हे मी माझ्या मेसच्या पैशांवरून पण सांगू शकते, घरून पैसे यायला आठ दिवस उशीर झाला की माझा अभ्यास होत नाही, आणि मी तर पोटभर जेवून झोपणारी मुलगी आहे.

मग आम्ही ग्रुप केला, नाव ठेवलं एक मूठ. पंचेचाळीस जण, बहुतेक विद्यार्थी, महिन्याला 100 रुपये, पाच तारखेच्या आत यूपीआयने, आणि दर महिन्याला हिशोब ग्रुपवर, रिक्षाच्या पावतीच्या फोटोसकट. मुलांचे फोटो नाही टाकत. हे आम्ही मुद्दाम ठरवलं, आणि यावर ग्रुपमध्ये वादही झाले की फोटो नसेल तर लोक पैसे देत राहणार नाहीत. देत राहिले. या व्हिडिओतही तुम्हाला मुलांचे चेहरे दिसणार नाहीत, पाठमोरी दिसतील, हात दिसतील, कारण उद्या ही मुलं मोठी होतील आणि आपण हात पसरून वही घेतोय असा फोटो कुठेतरी फिरतोय हे त्यांना बघायला लागू नये.

रिक्षा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात चौदापैकी नऊच मुलं. ती पावणेदोनवाली मुलगी नाहीच. कारण कडेवरचा भाऊ. आम्हाला हे आधी सुचायला हवं होतं. मी जाऊन बाईंना विचारलं, तिच्या वर्गाच्या बाईंना, त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या आणू दे त्याला पण. मग वर्गात मागच्या बाजूला सतरंजी, त्यावर बाळ झोपलेलं, आणि शेजारी ती फळ्यावरचं उतरवून घेतेय, एक हात बाळाच्या पोटावर आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. तो शॉट आम्ही खूप लांबून घेतलाय, खिडकीतून. या बाईंच्या कामाचं मोल कुठल्याच देणगीच्या पावतीत येणार नाही.

सगळं जमलं असं नाही. तेरा-चौदा वर्षांचे तीन मुलगे होते, ते एक दिवस आले आणि पुन्हा आले नाहीत, ते आता आई-बापांबरोबर मोळ्या बांधतात, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकतात, घरात त्यांचे पैसे दिसायला लागलेत. त्यांच्यासाठी काय करायचं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. एक मोठी मुलगी होती, तिचं लग्न ठरलं असं कळलं, तेव्हा आम्ही वस्तीवरच्या बायकांशी बोललो, मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर दिला, पुढे ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली आणि संपर्क तुटला. हे मला रात्री आठवतं.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. हा त्या दिवशीचा शॉट. कोप्या एका तासात उतरवतात, बांबू, चटया, भांडी, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये. शाळेने प्रत्येक मुलाला एका कागदावर लिहून दिलं होतं की किती दिवस हजर होतं आणि काय काय शिकून झालं, गावच्या मास्तरांना दाखवायला. त्या मुलीने तो कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला, ओळखपत्राच्या खाली. ट्रक हलला तेव्हा ती बाळाचा हात धरून हलवत होती, टाटा कर म्हणून.

जूनमध्ये तिच्या आईच्या फोनवरून मिसकॉल आला, मी केला. पाचवीत बसवलंय म्हणाली. मग म्हणाली, दशांश अजून शिकवलं नाही आम्हाला, पण मला येतंय.

आता ऑगस्ट संपत आलाय. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतील. ग्रुपमधल्या पंचेचाळीसपैकी अकराजण पास होऊन गेले, त्यांच्या जागी नवीन सात आलेत, म्हणजे चार कमी आहेत. रिक्षावाल्या काकांना फोन झालाय, ते म्हणाले या वर्षी सव्वापाच हजार लागतील, आणि एप्रिलचे पैसे पण आत्ताच धरून ठेवा ताई, पट्टा कधी पडंल सांगता येत नाही.