नवरी, मुहूर्त आणि फ्लॅश

(दृश्य: मंगल कार्यालयातली नवरीची खोली. आरशावर एक ट्यूबलाइट.)

मे महिन्यातली सकाळ. मुहूर्त दुपारचा, पण नवरी पहाटेपासून जागी आहे. बाहेर सनई लागली आहे, खोलीत मावश्या-आत्यांची ये-जा. कुणी गजरा शोधतंय, कुणी सेफ्टी पिना. या गडबडीत ब्युटिशियन ताईंनी सगळ्यात आधी खुर्ची फिरवली. नवरीचं तोंड आता खिडकीकडे आहे.

कार्यालयातल्या जुन्या ट्यूबलाइटला बहुधा हिरवट झाक असते. त्या उजेडात चेहरा फिका वाटतो, हात आपोआप जास्त लाली लावतो, आणि तीच नवरी उन्हात आली की गाल भडक दिसतात. दिवसाच्या उजेडात केलेला मेकअप मात्र कुठेही सहसा दगा देत नाही.

(दृश्य: आदल्या दिवशीची हळद. गाल, कोपरं, पावलं.)

काल हळद लागली. हळदीतलं कर्क्युमिन चिवट. अंघोळीनंतरही त्वचेवर पिवळी छटा रेंगाळते. ट्रायलच्या, म्हणजे लग्नाआधी करून बघितलेल्या मेकअपच्या वेळी जुळवलेला फाउंडेशनचा (चेहऱ्यावरच्या पहिल्या, त्वचेच्या रंगाच्या थराचा) शेड आज जुळेलच असं नाही. म्हणून ताई तो पुन्हा लावून बघतात, तेही जबड्याच्या कडेला. मनगटावर शेड बघायची अनेकींना सवय असते; पण फोटोत चेहऱ्याला लागून दिसते ती मान.

आणि इथेच कुणीतरी म्हणतं, ‘‘जरा उजळ करा हं तिला.’’

हे ऐकून वाईट वाटतं. सावळ्या त्वचेवर दोन शेड फिकं फाउंडेशन चढवलं की चेहरा उजळत नाही, राखाडी पडतो. मान, कान, हिरव्या चुड्यातले हात आपला रंग सांगतच राहतात. यात कॅमेऱ्याचाही वाटा आहे. विसाव्या शतकात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड पाठवत असे. ‘शर्ली कार्ड’ हे त्याचं नाव. त्वचेचे रंग त्या एका बाईवरून जुळवले जात. जुन्या रंगीत अल्बममध्ये आपल्या आज्या-आत्या काळवंडलेल्या दिसतात, त्याला अशी मापंही कारण होती. त्यांच्या रंगात काही उणं नव्हतं.

(दृश्य: डोळ्यांखाली नारिंगी करेक्टर. बोटांनी हळूहळू थापणं.)

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना निळसर-जांभळी झाक असते. त्यावर थेट फिकं कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं क्रीम, लावलं तर ती करडी दिसतात. आधी पातळ नारिंगी, मग त्वचेच्या रंगाचं कन्सीलर. नारिंगी निळ्याला मारतो.

आता फ्लॅश. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड आणि टायटेनियम डायऑक्साइड, किंवा ‘एचडी’ म्हणून मिळणाऱ्या काही पावडरींमधली सिलिका हे फ्लॅशचा प्रकाश थेट कॅमेऱ्याकडे परतवतात. आरशात सगळं छान असतं, फोटोत मात्र नाकावर आणि डोळ्यांखाली पीठ उडाल्यासारखे पांढरे डाग! यावर उपाय सोपा आहे. ट्रायलच्या दिवशीच खोलीत अंधार करून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढायचा. जे उद्या दिसणार ते आजच कळतं.

(दृश्य: गौरीहर. पिवळी अष्टपुत्री, समईचा उजेड.)

गौरीहर पुजताना उजेड समईचा, तांबूस. मांडवात व्हिडिओवाल्याचा पांढरा एलईडी. बाहेर फोटोंसाठी भर दुपारचं ऊन, साधारण साडेपाच हजार केल्विनचं (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). वर लाल-पिवळं कापड असेल तर त्याचाही रंग गालावर उतरतो. नवरी एकच, उजेड चार. म्हणून लाली आणि ओठांचा रंग मधला ठेवलेला बरा, आणि चमक बेताची.

नथीचं गणितही वेगळं. ती वरच्या ओठावर टेकते, बोलताना-हसताना घासते, म्हणून तिथे न पसरणारी मॅट लिपस्टिक. नाकपुडीवर थर जाड झाला की नथ घालताना तो निघून येतो, म्हणून तिथे अगदी पातळ हात. मळवट भरायचा असेल तर ओल्या कुंकवाने. कोरडं कुंकू नाकावर सांडतं आणि पुसायला गेलं की लाल पट्टा उमटतो. मुंडावळ्या सगळ्यात शेवटी. त्यांच्या सरी गालांवर रुळतात, तेव्हा गालांच्या कडांना रंगवत बसण्यात अर्थ नाही. डोळे आणि भुवया नेमक्या हव्यात. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी लोक बघतात ते डोळेच.

(दृश्य: होम. लाह्या, तूप, धूर.)

मग होम. समोर अग्नी, अंगावर शालू, मे महिना. घाम येणारच, धुराने डोळे पाणावणारच. पाण्याने न पसरणारं काजळ आणि मस्कारा इथे कामी येतात. करवलीच्या हातात टिश्यू द्यायचा, आणि तिला सांगून ठेवायचं: टिपायचं, पुसायचं नाही. आधी घाम टिपायचा, मगच पावडर. ओल्या त्वचेवर पावडर लावली की तिचे गोळे होतात आणि क्लोजअपमध्ये तेच दिसतात.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर लग्नाचे फोटो.)

इतकं जपलेलं सगळं शेवटी एका स्लायडरच्या हाती असतं. फोटो दुरुस्त करताना ‘स्किन’ गुळगुळीत आणि गोरी करण्याची अनेक ठिकाणी रीतच आहे. म्हणून फोटोग्राफर ठरवतानाच त्याला स्पष्ट सांगा: त्वचेचा रंग बदलायचा नाही, गालावरचा तीळ पुसायचा नाही, आणि अल्बम छापायला जाण्याआधी नवरीने एकदा फोटो बघायचे.