मोटरहोम सपाट उभी करणारी यंत्रणा घेण्याआधी गाडी भुईकाट्यावर न्या

नमस्कार मंडळी. जर्मनी, नेदरलँड्स आणि आसपासच्या देशांत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी फियाट डुकाटो या व्हॅनच्या सांगाड्यावरची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली आहे किंवा घेण्याचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. मुक्कामाच्या जागी बटण दाबताच गाडी सपाट उभी करणारी यंत्रणा घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, हे आपण पाहू.

गाडी सपाट असण्याची गरज केवळ झोपेपुरती नाही. उतारावर न्हाणीचे पाणी निचऱ्याच्या भोकाकडे न जाता दाराशी साचते, हा त्रास सहन करता येईल. पण गॅसवर चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या फ्रीजचे तसे नाही. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर नळ्यांतून फिरत असते. गाडी फार कलली की द्रव खोलगट जागी अडकतो, बॉयलर जास्त तापतो, नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाचे खडे जमतात आणि वाट कायमची बुजते. कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रीज याबाबतीत बराच सहनशील असतो. त्यामुळे तुमच्या गाडीत कोणता फ्रीज आहे, हे आधी पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

आता वजनाकडे येऊ, कारण माझ्या मते खरा प्रश्न वजनाचाच आहे. यातल्या बहुतेक गाड्यांची नोंदणी 3,500 किलोच्या मर्यादेत झालेली असते, कारण साध्या बी वर्गाच्या परवान्यावर आजवर तेवढेच वजन चालवता येत आले आहे. समजा, चालक आणि इंधन धरून गाडीचे कागदावरचे वजन 3,050 किलो आहे. उरले 450. आणखी तीन माणसांचे 225 किलो वजा करा, दोन इलेक्ट्रिक सायकलींचे 50, गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताचे 30, आणि मग कपडे, भांडी, खुर्च्या, पिठाचे डबे यांच्यासाठी जेमतेम 145 किलो राहतात. गाडी उचलून सपाट करणाऱ्या चार हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) जॅकची यंत्रणा साधारण 50 ते 80 किलोंची असते, म्हणजे उरलेल्यातला अर्धा वाटा तीच खाऊन टाकते. म्हणून कोणत्याही कार्यशाळेला दरपत्रक मागण्यापूर्वी सगळे सामान आणि सगळी माणसे घेऊन गाडी भुईकाट्यावर न्यावी, आणि पुढच्या व मागच्या आसावर पडणारे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे.

(पडद्यावर: गाडीची बाजूने काढलेली आकृती, चाकांमधली अंतरे)

दुसरे मोजमाप उताराचे. लांब डुकाटोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे 4 मीटर अंतर असते, तर मागच्या दोन चाकांमध्ये सुमारे 2 मीटर. तीन अंशांचा उतार काढायचा असेल तर लांबीच्या दिशेने गाडी सुमारे 21 सेंटिमीटर उचलावी लागते आणि रुंदीच्या दिशेने 10. चाकाखाली घालायचे तीन पायऱ्यांचे प्लास्टिकचे रॅम्प साधारण 10–11 सेंटिमीटर उंची देतात. म्हणजे आडवा कल त्यांनी निघतो. लांबीच्या दिशेचा उतार मात्र दीड अंशापर्यंतच. जॅकच्या बाबतीतही जाहिरातीतल्या लांबीवर जाऊ नका. जॅकचा पाय जमिनीला टेकेपर्यंत जे अंतर जाते ते वजा करून जे उरते, तेवढीच खरी उचल.

यंत्रणांपैकी सर्वांत रुळलेली म्हणजे हायड्रॉलिक. बारा व्होल्टचा पंप, तेलाची टाकी, झडपा, चार जॅक आणि कल ओळखणारा संवेदक असा तिचा संच असतो. ती ताकदवान असते आणि गाडी जॅकवर टेकलेली असल्याने आत कोणी चालले तरी ती डुलत नाही. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या जॅकमध्ये तेलाची भानगड नसते, मात्र ते सहसा सावकाश चालतात. हवेच्या पिशव्यांवरची चारही चाकांची यंत्रणा मला फक्त अशाच मालकासाठी योग्य वाटते, ज्याला प्रवासातले धक्केही कमी करायचे आहेत. तिची उचल मर्यादित असते आणि उभ्या गाडीचे डुलणे ती जॅकसारखे थांबवत नाही. मागच्या आसावर जोडलेल्या दोन हवेच्या पिशव्यांना काही विक्रेते याच नावाने विकतात, पण त्या स्प्रिंगला मदत करण्यासाठी असतात, गाडी सपाट करण्यासाठी नव्हेत.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. डुकाटोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. मागची चाके जमिनीपासून उचलली गेली, तर तो ब्रेक हवेत फिरणारी चाके धरून ठेवतो आणि गाडी अडवण्याचे काम पुढच्या चाकांवर, म्हणजे गिअरवर येते. मागच्या चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाडीत तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागेच असतात. ती चाके उचलली की गाडी जॅकवरून घसरू शकते. यासाठी उतारावर गाडीचे तोंड उताराकडे ठेवून उभे राहावे, म्हणजे उचलायचे ते पुढचे टोक असते आणि मागची चाके जमिनीवर राहतात. हे जॅक चाक बदलण्यासाठी नाहीत. त्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. ओल्या गवतावर जॅकखाली रुंद पाट ठेवावा, नाहीतर पाय जमिनीत रुततो.

माझे मत विचाराल तर 3,500 किलोची गाडी असलेल्या आणि वर्षातून काही आठवडेच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने रॅम्प आणि पाणसळ यांवर भागवावे आणि काही हजार युरो वाचवावेत. गाडी जड वर्गात नोंदलेली असेल, महिनोन्महिने तीत राहायचे असेल, किंवा गुडघेदुखीमुळे पावसात रॅम्प मांडणे जमत नसेल, तर हायड्रॉलिकवर खर्च करण्यात काहीच वावगे नाही. गाडी ताब्यात घेताना वीज गेल्यास जॅक हाताने कसे वर घ्यायचे, हे कार्यशाळेतल्या माणसाकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या, आणि यंत्रणेचा शून्य बिंदू, म्हणजे ती जिला सपाट समजेल ती स्थिती, ठरवताना पाणसळ डॅशबोर्डवर नव्हे, तर फ्रीजच्या तळावर ठेवायला सांगा.