वैमानिक गव्हर्नर आणि सोलापूरचा मार्शल लॉ

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. सोलापूरच्या या चार हुतात्म्यांना फाशी झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर कोण होता? सर फ्रेडरिक साइक्स. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

साइक्सचा जन्म १८७७ चा, क्रॉयडनचा. तरुणपणी त्याने सिलोनच्या चहामळ्यात काम केलं. बोअर युद्धात तो शत्रूच्या हाती सापडला, सुटला, पुढे गंभीर जखमीही झाला. मग घोडदळात अधिकारी. पण या घोडेस्वाराचं लक्ष आकाशाकडे लागलं होतं. १९११ मध्ये तो विमान चालवायला शिकला. पुढच्याच वर्षी रॉयल फ्लाइंग कोअरच्या लष्करी विभागाचं नेतृत्व त्याच्याकडे आलं आणि एप्रिल १९१८ मध्ये, नुकत्याच जन्मलेल्या रॉयल एअर फोर्सचं प्रमुखपद. युद्ध संपल्यावर ब्रिटनच्या नागरी विमान वाहतुकीचा कारभारही त्याने पाहिला. माणूस कर्तबगार होता, यात शंका नाही.

१९२० मध्ये त्याने बोनार लॉ यांच्या मुलीशी, इझाबेलशी लग्न केलं. १९२२ मध्ये सासरे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी जावई शेफिल्डमधून खासदार झाला. आणि डिसेंबर १९२८ मध्ये तो गव्हर्नर म्हणून मुंबईत उतरला.

गिरण्यांमध्ये संप धुमसत होते. पाठोपाठ मिठाचा सत्याग्रह आला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणी कामगारांचं सोलापूर पेटून उठलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. माणसं पडली. जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला चढवला. दोन पोलीस मारले गेले. इंग्रज अधिकारी शहरातून हटले. पुढचे काही दिवस शहराचा कारभार सोलापूरकरांनीच चालवला.

१२ मे रोजी मार्शल लॉ लागू झाला. लष्कर आलं. तिरंगा हाती धरणाऱ्यांना शिक्षा होऊ लागल्या. जूनअखेरपर्यंत हे शहर लष्कराच्या हुकमतीखाली होतं. उपाशीपोटी यंत्रावर उभं राहणाऱ्या कामगाराचा राग गव्हर्नरच्या सरकारला समजून घ्यावासा वाटला नाही. बंड दिसलं, फौज पाठवली. साइक्सच्या साऱ्या कारकिर्दीचं मोजमाप मला इथेच करावंसं वाटतं.

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून त्या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली गेली.

याचे पडसाद पुण्यात उमटले. जुलै १९३१ मध्ये हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजात आला असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्याच्यावर पिस्तूल झाडलं. हॉटसन वाचला. सोलापूरच्या दडपशाहीची चीड त्या गोळीमागे होती.

साइक्स १९३३ च्या डिसेंबरात मायदेशी परतला. पुढे नॉटिंगहॅममधून पुन्हा खासदार झाला आणि १९५४ मध्ये वारला. सोलापूर आजही १२ जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करतं.