जिरेटोप बरोबर आहे, पण आधी काय घडलं?

(वेंगुर्ल्यातील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. उकाडा आहे आणि पंखे दोनच आहेत, तेव्हा प्रास्ताविक वगळून थेट विषयावर येतो: पुनर्घटना, म्हणजे घडलेलं पुन्हा घडवून दाखवणं.

१९०२ साली इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हायचा होता. वेस्टमिन्स्टर चर्चमध्ये कॅमेरा न्यायची सोय नव्हती. मग जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकानं पॅरिसजवळ मोंत्रयला रंगवलेल्या पडद्यांचं वेस्टमिन्स्टर उभं केलं. राजाच्या तोंडवळ्याचा एक कामगार धुलाईघरातून शोधून आणला, त्याला मुकुट घातला आणि खरा सोहळा व्हायच्या आधीच त्याचं चित्रण उरकून टाकलं. पुढे राजाचं अपेंडिक्सचं दुखणं उपटलं. २६ जूनचा मुहूर्त हुकला. अभिषेक ९ ऑगस्टला झाला, तोही विधींना कात्री लावून. म्हणजे धुलाईघरातल्या राजाचा अभिषेक खऱ्या राजापेक्षा जास्त यथासांग झाला!

सिनेमाचं वय तेव्हा जेमतेम सात वर्षं. घडलेलं पुन्हा घडवून दाखवायची ही हौस म्हणजे कॅमेऱ्याचं बाळकडूच.

आता आपल्याकडे या. तुम्ही सगळे रात्र रात्र दशावतार बघितलेली माणसं. देवळासमोर मांड, एक बाकडं, हार्मोनियम, पखवाज, झांज. पेटाऱ्यातून दागिने निघतात, ज्याचा तो तोंड रंगवतो. मुख्य नट आत बसून सांगतो, आज अमुक आख्यान लावायचं. संहिता नाही, संवाद जागेवर सुचायचे. राक्षस मेला की पडतो, आणि जरा वेळानं उठून सगळ्यांच्या देखत आत जातो. प्रेक्षकांत कोणी तरी म्हणतं, “अरे, हो तर आमचो रिक्षावालो!” तरीही तो रिक्षावाला हरिश्चंद्र होऊन स्मशानात उभा राहिला की बायका डोळ्यांना पदर लावतात. इथे कोणाची फसवणूक होत नाही. सोंग हे सोंगच आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं.

पडद्यावर हा करार राहत नाही. तिथं घोडा खरा, धूळ खरी, रायगडाचा दरवाजा प्लॅस्टरचा असला तरी खरा वाटतो. म्हणून मग आपण भांडायला लागतो, आणि भांडतो कशावरून? जिरेटोपावरून. अंगरख्याच्या बंदावरून. तलवार धोप आहे की पट्टा, यावरून. ऐतिहासिक मालिकांच्या सेटवर काही काळ मी सहायक म्हणून राबलोय. अंगरख्याचे बंद डावीकडे की उजवीकडे यावर सकाळचा पहिला शॉट अडून राहिलेला मी पाहिलाय. त्याच दिवशी दुपारी लेखकाचा फोन आला, की पत्र दरबारात पोचतं तो प्रसंग निर्णयाच्या आधी घ्या, म्हणजे जाहिरातीच्या आधी उत्कंठा राहील. इतिहासात निर्णय आधी झाला होता, पत्र मागाहून आलं होतं. सेटवरच्या एकानंही हूं की चूं केलं नाही. विचार करून ठाम निर्णय घेणारा माणूस त्या एका फोननं चिडून निर्णय घेणारा झाला. बंद मात्र अचूक बांधलेले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पुनर्घटनेतलं खोटं कपड्यांत क्वचित सापडतं. ते बसलेलं असतं क्रमात. आधी काय घडलं, मागून काय घडलं, आणि कुठे थांबवलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडातलं आहे. १९८४ सालचा खाणकामगारांचा संप. १८ जूनला ऑरग्रीव्ह इथल्या कोक, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाच्या, कारखान्यासमोर हजारो कामगार जमले आणि घोडेस्वार पोलीस त्यांच्यावर घातले गेले. संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत दिसलं असं, की कामगारांनी दगड मारले म्हणून घोडे सुटले. कामगार वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते की घोडे आधी आले, दगड मागून. १९९१ साली बीबीसीनं कबूल केलं की चित्रणाचा क्रम उलटा लागला होता. मात्र तो अनवधानानं, असं त्यांचं म्हणणं. फिल्मचे तुकडे खरेच होते. एकही नट नव्हता, एकही पोशाख भाड्याचा नव्हता. फक्त दोन तुकड्यांची जागा बदलली आणि एका अख्ख्या खोऱ्याची माणसं दंगेखोर ठरली. पंचाण्णव जणांवर खटले भरले गेले, ते पुढच्या वर्षी कोर्टात कोसळले. पण घराघरांत पोचलं होतं ते पोचलंच.

पुढे १७ जून २००१ रोजी जेरेमी डेलर या कलावंतानं ती चकमक ऑरग्रीव्हलाच पुन्हा उभी केली. जुन्या लढायांचे प्रयोग करणारी हौशी मंडळी त्यात शेकड्यांनी होती. एरवी ही माणसं रोमन सैनिक नाही तर सतराव्या शतकातले शिलेदार होतात. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते त्या दिवशी प्रत्यक्ष मार खाल्लेले खाणकामगार, आणि काही माजी पोलीससुद्धा. काही कामगारांनी पोलिसांचा गणवेश चढवला. चित्रपट दिग्दर्शक माइक फिगिसनं त्याचं चित्रीकरण केलं. ज्याच्या पाठीत दंडुका बसला होता तोच सतरा वर्षांनी ढाल घेऊन पलीकडच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल? मला विचाराल तर पुनर्घटनेचा यापेक्षा धाडसी प्रयोग कलेच्या जगात फारसा झालेला नाही.

रशियाचं थोडक्यात सांगतो. १९१७ साली पेत्रोग्राडचा हिवाळी राजवाडा बोल्शेविक क्रांतिकारकांनी घेतला ती झटापट तशी किरकोळच होती. १९२० साली क्रांतीच्या तिसऱ्या वाढदिवशी एव्हरेइनोव्ह या नाट्यदिग्दर्शकानं राजवाड्यासमोरच्याच चौकात हजारो माणसं घेऊन तिचा भव्य प्रयोग केला. त्या प्रयोगाचं छायाचित्र, जरा हात फिरवून, पुढे इतिहासाच्या पुस्तकांत १९१७चं म्हणून छापलं गेलं. मग १९२८ साली आयझेनस्टाइनचा ‘ऑक्टोबर’ हा सिनेमा आला आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तोच हल्ला कायमचा बसला. मूळ घटनेला जागाच उरली नाही.

आता महाड. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेली माणसं मिरवणुकीनं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. दर वर्षी त्याच तारखेला लोक तिथे लोटतात, ओंजळीत पाणी घेतात. दिग्दर्शक नाही, वेशभूषा नाही, ज्याच्या त्याच्या अंगावर घरचेच कपडे. कोकणातली सगळ्यात मोठी पुनर्घटना मी हीच मानतो. पण हाच प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा छोट्या पडद्यावर येतो तेव्हा बहुतेक वेळा ओंजळीपाशी थांबतो. संगीत वर चढतं, पडदा पडतो. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं असल्याचा ठराव केला होता, तरीही तिथे जायची कोणाची प्राज्ञा नव्हती. हा आधीचा भाग गळतो. आणि पाणी प्यायल्यावर काय झालं? देवळात शिरणार अशी हूल उठवून परिषदेच्या माणसांना मारहाण झाली. मग पंचगव्य ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. कोर्टकज्जा दहा वर्षं चालला आणि १९३७ साली हायकोर्टानं निकाल दिला. हा भाग दाखवायला कोणी तयार नसतं. ओंजळीपाशी थांबलं की बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न सुटला. आणि प्रेक्षकांत बसलेल्या ज्यांच्या आजोबांनी गोमूत्राच्या घागरी ओतल्या असतील, त्यांनाही टाळ्या वाजवायची सोय होते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आम्ही काही मुलं शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर शॉर्ट फिल्म करतोय. जुन्या माणसांच्या घरांतून ऐकलेल्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणती घ्यायची?)

फार चांगला प्रश्न. दोन्ही घ्या. एरल मॉरिसचा ‘द थिन ब्लू लाइन’ नावाचा १९८८ सालचा माहितीपट मिळवून बघा. १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला होता, आणि रँडल अ‍ॅडम्स नावाचा माणूस त्यासाठी जन्मठेप भोगत होता. मॉरिसनं त्या रात्रीचा प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा घडवला. प्रत्येक साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे वेगळा. तीच गाडी, तोच रस्ता, हवेत भिरकावलेला तोच मिल्कशेकचा पेला. पण गाडीत कोण होतं, कोणाला काय दिसलं, हे दर वेळी बदलतं. ‘खरं असं घडलं’ असं तो कुठेच दाखवत नाही. बघता बघता आपल्याच लक्षात येतं की साक्षी एकमेकींना खाताहेत. १९८९ साली अ‍ॅडम्स सुटला.

तेव्हा भाई, खादीच्या टोपीची चिंता नंतर कर. मे १९३०. आधी माणसं मिठागरात शिरली की आधी त्यांना अडवलं? मीठ उचललं कोणी, आणि पहिला दंडुका कधी पडला? प्रत्येक घरातल्या हकिकतीचा क्रम वेगळ्या कागदावर लिही. त्या वेळचे ‘केसरी’चे अंक बघ, सरकारी नोंदी मिळतील तेवढ्या बघ, त्यांचाही क्रम लिही. जिथे कागद जुळणार नाहीत तोच प्रसंग दोनदा घे, त्याच जागी कॅमेरा ठेवून. खर्च वाढतो, पण फार नाही, नट तेच असतात. फक्त शूटिंग मे महिन्यातच उरका. मिरगाचा पाऊस लागला की वाफ्यांतलं मीठ विरघळून जातं, आणि मग बाजारातल्या गोणी ओतून ढीग करावे लागतील.