तारेखालची पॅसेंजर

[सकाळ. संभाजीनगर-जालना मार्गावरचं करमाड स्थानक, कॅमेरा वर तारांकडे]

खालची तार तांब्याची. गाडीला वीज हीच देते. वरची तिला तोलून धरते. नीट पाहा, खालची तार रुळांच्या मधोमध सरळ जात नाही. एका खांबापाशी वीतभर डावीकडे, पुढच्या खांबापाशी वीतभर उजवीकडे. सरळ असती, तर टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफची कार्बनपट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडली असती.

[खांबाला टांगलेली वजनं]

ही वजनं मराठवाड्याच्या उन्हासाठी. वैशाखात तांबं वाढतं, तार सैल पडू पाहते. वजनं खाली उतरतात आणि तिला ताणून धरतात. पौषात तार आखडते, वजनं वर चढतात. वर्षभर हे चालू असतं, फलाटावरून कुणाच्या लक्षातही येत नाही. तारेत वीज आहे 25,000 व्होल्टची. एका उपकेंद्राची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे थोडा तुकडा बिनविजेचा असतो. लोको पायलट तिथे वीज तोडतो आणि गाडी आपल्या वेगावर पुढे सरकते.

[जुनी दगडी इमारत, पूर्णा]

1900च्या सुमारास निजामाच्या राज्यात ही वाट झाली, मीटरगेजची, म्हणजे अरुंद रुळांची. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं, बोचकी-पोरं सांभाळत दुसरी गाडी गाठायची. रुंद रुळांचं ब्रॉडगेज यायला 1990चं दशक उजाडलं. मुंबईत विजेची पहिली गाडी धावली 3 फेब्रुवारी 1925 रोजी. आणि 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून वंदे भारत मुंबईला निघाली, ती या तारांखालून. 2025च्या ऑगस्टमध्ये ती नांदेडपर्यंत गेली.

[मुकुंदवाडी, डब्याच्या दारात उभी माणसं]

पण ही माणसं मुंबईला निघालेली नाहीत. रोज जालना ते संभाजीनगर, परभणी ते नांदेड, साठेक किलोमीटरचं अपडाऊन. पास खिशात, डबा पिशवीत.

त्यांना हवी आहे मेमू, जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी. तिला वेगळं इंजिन लागत नाही. मोटरी डब्यांखाली आणि चालकाची केबिन दोन्ही टोकांना. शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची खटपट नाही. थांबली की लगेच वेग धरते. चिकलठाणा, करमाड, बदनापूर असे जवळजवळचे थांबे ज्या मार्गावर आहेत, त्याला हीच गाडी हवी. तार आहे, माणसं आहेत, आणि रेल्वेचे डबे बनवायला लातूरजवळ हरंगुळला आपला कारखानाही उभा आहे.

अडचण रुळांची आहे. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग झाला. संभाजीनगर ते परभणी 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025मध्ये मंजुरी दिली. ते होईपर्यंत क्रॉसिंग आहेच, एकेरी रुळावर दुसरी गाडी जाईपर्यंत बाजूला थांबणं. कामावर उशीर, पगारात कपात.

बीडला तर पहिली गाडीच 17 सप्टेंबर 2025 रोजी पोचली, मुक्तिसंग्राम दिनी. तीही डिझेलवरची.

[पुन्हा करमाड]

पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी आहे. एक्स्प्रेस येते आहे. आधी तार थरथरते, मग आवाज. दारातली माणसं आत सरकतात.

[एक्स्प्रेस निघून जाते. सिग्नल अजून लाल.]