सीतेची वेणी: ओळखायची कशी, मुंबईत जगवायची कशी

नमस्कार मंडळी. मोबाईलवर फोटो पाठवून 'हे कुठलं ऑर्किड' विचारणारे खूप जण असतात, त्यांना माझं एकच सांगणं, पानाचा आणि मुळाचा फोटो पण पाठवा. कारण सीतेच्या वेणीला फूल येणार मे-जूनमध्ये, टिकणार दोन-तीन आठवडे, मग बाकी वर्षभर ओळखणार कशावरून? आणि नावावर तर जाऊच नका, सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी ही नावं लोक एरिडिस या दुसऱ्या ऑर्किडलासुद्धा बिनधास्त लावतात. मी बोलतोय ते ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या शास्त्रीय नावाच्या ऑर्किडबद्दल. सह्याद्रीत आहे, तिकडे आसामात पण आहे, आसाम आणि अरुणाचल दोघांचंही राज्यफूल हेच, बिहूत मुली केसात माळतात ते कपौ फूल.

पान जाड, पट्ट्यासारखं, मधोमध पन्हळ, टोक कोणीतरी कुरतडल्यासारखं आणि दोन्ही बाजू कमीजास्त. आता असं टोक वांडा नावाच्या ऑर्किडला पण असतं, एरिडिसला पण असतं, म्हणून पान उजेडात धरून त्यावरच्या फिकट उभ्या रेषा बघा. तरी खात्री फुलावरच होते. पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, शंभराच्या वर फुलं एकमेकांना चिकटून खाली लोंबणार. एरिडिसच्या फुलाला खाली शिंगासारखा पुढे वळलेला भाग असतो, इथे त्या जागी मागे दाबलेली चपटी पिशवी दिसते. एवढं बघितलंत की झालं.

आता वाढवायचं. मुंबईत ही झाडं उन्हाने कमी आणि मायेने जास्त मरतात! कुंडी, माती, शेणखत, वर रोज तांब्याभर पाणी, संपलं. अहो, हे झाडाच्या फांदीवर राहणारं आहे, मुळं हवेत असतात. मुळावर पांढरं स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी शोषतं आणि ओलं झालं की हिरवं दिसतं. म्हणजे पाणी कधी द्यायचं हे मूळच सांगतं, पांढरं पडलं की द्या, हिरवं असेल तर हात आवरा. सागाच्या पट्ट्यांची टोपली घ्या नाहीतर सरळ लाकडाच्या ओंडक्याला सुतळीने बांधा, टोपलीत थोडा लाकडी कोळसा, बस. नारळाच्या शेंड्या लोक भरभरून घालतात, मला आपल्या पावसात ते पटत नाही, महिनोन्महिने ओल्या राहतात आणि मुळं कुजतात.

जागा पूर्वेच्या खिडकीची उत्तम, सकाळचं कोवळं ऊन. पान गडद हिरवंगार झालं की आपल्याला आवडतं, पण ती उजेड कमी पडल्याची खूण आहे, अशा झाडाला फूल येत नाही. थोडी पिवळसर झाक हवी, लालसर डाग पडले तर मात्र ऊन जास्त झालं. जून ते सप्टेंबर पाऊस खाऊ द्या पण शेंड्यात पाणी साचू देऊ नका, म्हणून झाड जरा कलतं टांगा. वाढीच्या दिवसात पंधरवड्याने १९:१९:१९ खत, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको. डिसेंबर-जानेवारीत खत बंद, पाणी कमी, ही विश्रांती मिळाली तर उन्हाळ्यात पानांच्या बगलेतून दांडे निघतात. कळ्या दिसल्यावर जागा बदलू नका.

रोप आणायचं कुठून? नर्सरीतलं, तेही लॅबमध्ये वाढवलेलं असल्याचं विचारून घ्या. ट्रेकला गेलात आणि फांदीवर दिसलं तर फोटो काढा आणि पुढे चला. याचं बी धुळीइतकं बारीक, आत अन्नसाठाच नसतो, विशिष्ट बुरशी भेटली तरच रुजतं आणि फुलायला कित्येक वर्षं घेतं. राष्ट्रीय उद्यानातून काढणं तर गुन्हाच. वादळात फांदी पडली होती म्हणून उचललं, असं सांगणारे भेटतात, त्यांना म्हणा तिथेच शेजारच्या झाडाला बांधून या.