वाइड लेन्स आणि रेंजफाइंडर : मागच्या काचेचा हिशोब

मंडळी, रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी (ज्यात आरसा नसतो आणि वेगळ्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात) नवी महागडी वाइड लेन्स आली की सगळ्यांची नजर आधी पुढच्या काचेवर जाते. केवढी मोठी काच, २१ मिमी आणि तरी एफ/१.४ (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत)! आज मी तुम्हाला उलटं करायला सांगणार आहे. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, पालथी करा आणि मागची काच बघा. ती माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या, बाहेर किती आली आहे, फिल्मच्या किंवा सेन्सरच्या किती जवळ जाते, ते बघा. अशा लेन्सवर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा उजेड आत घेण्यावर होत नाही. आत आलेला उजेड मागून कुठल्या कोनात बाहेर सोडायचा, यावर होतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा तपशील.

तपशिलाची सुरुवात आरशापासून करू. एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशानं डोळ्याकडे वळवणाऱ्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो, त्याला जागा लागते. निकॉन एफ माउंटमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे. लायकाच्या ‘एम’ रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या माउंटमध्ये ते फक्त २७.८ मिमी. आता २१ मिमी फोकल लेंग्थची लेन्स एसएलआरवर बसवायची तर तिची मागची काच आरशाच्या पुढेच थांबवावी लागते, म्हणजे फिल्मपासून फोकल लेंग्थपेक्षा बरीच जास्त लांब. त्यासाठी पुढे प्रकाश फाकवणारी भिंगं आणि मागे तो गोळा करणारी भिंगं अशी रचना करावी लागते. पियर आँजेन्यूनं १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स बाजारात आणली आणि तिचं नावच रेट्रोफोकस ठेवलं. रचना हुशारीची, पण आकार वाढतो, प्रतिमेतल्या सरळ रेषा वाकतात आणि त्या सरळ करायला आणखी भिंगं घालावी लागतात.

रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. मागची काच शटरच्या अगदी जवळपर्यंत आत नेता येते. या मोकळिकीचा फायदा डिझाइनरांनी पुरेपूर उठवला. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल रुसिनोव्ह यांनी १९४० च्या दशकात आणि लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी बिओगॉनमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास सममित रचना केली. अपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, पुढे जे आहे त्याचीच साधारण उलटी प्रतिकृती मागे. याचा मोठा लाभ असा, की पुढच्या अर्ध्यातला रेषा वाकवण्याचा दोष मागचा अर्धा भाग आपोआप खोडून काढतो. कडेला रंग फुटणं आणि कोमा (कडेचे ठिपके शेपटीसारखे पसरणं) यांचंही तसंच. कॉन्टॅक्ससाठी आलेली २१ मिमी एफ/४.५ बिओगॉन इमारतींच्या फोटोंसाठी नावाजली गेली ती याच गुणामुळे. लायकासाठी श्नायडरनं बनवलेली २१ मिमी सुपर-अँग्युलॉन १९५८ मध्ये एफ/४ ची आली, १९६३ मध्ये एफ/३.४ ची. हिची मागची काच इतकी आत शिरते, की लायका एम६ सारख्या कॅमेऱ्यात शटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून उजेड मोजणाऱ्या मीटरच्या नजरेआड तो ठिपकाच जातो. लेन्स लागते, फोटो निघतो, मीटर मात्र चुकीचं सांगतो.

या घराण्याचं टोक म्हणजे झाइसची १५ मिमी होलोगॉन. एर्हार्ड ग्लात्सेल यांची रचना, अवघी तीन भिंगं, अपर्चर एफ/८ वर कायमचं स्थिर. १९६९ मध्ये ती स्वतःच्या कॅमेऱ्यासकट आली, नंतर एम माउंटमध्येही निघाली. तिच्यासोबत मध्यभागी काळसर आणि कडेला पारदर्शक असा एक फिल्टर मिळायचा. तो लावला की दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जायचा आणि एफ/८ ची लेन्स एफ/१६ ची होऊन बसायची. एवढा उजेड मुद्दाम का वाया घालवायचा? कारण तो वाया घालवला नाही, तर कोपरे अंधारात बुडतात.

इथे थोडं गणित, पण सोपं. सममित लेन्समधून तिरपा येणारा उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानं घटतो. ३५ मिमी फिल्मचा कोपरा मध्यापासून सुमारे २१.६ मिमी दूर असतो, म्हणजे २१ मिमीच्या लेन्ससाठी कोपऱ्याकडे जाणारा किरण साधारण ४५ अंशांत जातो. ४५ अंशांच्या कोसाइनचा चौथा घात म्हणजे बरोबर पाव. मध्यावर जेवढा उजेड, त्याच्या पाव कोपऱ्यात. दोन स्टॉपचा फरक. १५ मिमीला तो सव्वातीन स्टॉपच्या आसपास जातो. रुसिनोव्ह यांनी बाहेरची भिंगं अशी खोल वाकवली, की तिरकं पाहताना अपर्चरचं भोक मोठं दिसावं. त्यामुळे चौथा घात तिसऱ्याच्या जवळ आला. सुधारणा मोठी, पण कोपरे अंधारे ते अंधारेच.

फिल्मवर हे खपून गेलं. फिल्मवर किरण सरळ पडला काय आणि तिरपा पडला काय, तिला फारसा फरक पडत नाही. निगेटिव्हमध्ये उजेडातला फरक सांभाळण्याची ऐपत असते आणि डार्करूममध्ये कोपऱ्यांचं एक्स्पोजर सांभाळून घेता येतं. शिवाय अंधारलेले कोपरे अनेकांना आवडायचे, अजूनही आवडतात. मलाही आवडतात, पण ते ठेवायचे की नाही हे मी ठरवावं, लेन्सनं नाही.

मग २००६ मध्ये लायका एम८ आला आणि २००९ मध्ये पूर्ण फ्रेमचा एम९. एम८ चा सेन्सर १.३३ पटीनं लहान होता, त्यामुळे सगळ्यात त्रासदायक कोपरे आधीच कापले जायचे. एम९ नं ते पुन्हा आत घेतले. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एक सूक्ष्म भिंग असतं आणि सगळ्यांवर मिळून एक सपाट काच. किरण फार तिरपा आला तर सूक्ष्म भिंग त्याला आपल्या पिक्सेलच्या प्रकाशग्राही भागावर नीट टाकू शकत नाही. काही उजेड वाया जातो, काही शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसतो. शेजाऱ्याच्या डोक्यावर वेगळ्या रंगाचा फिल्टर असल्यानं रंगही बिघडतो. जुन्या सुपर-अँग्युलॉननं डिजिटल एमवर फोटो काढा, एक कड लालसर-जांभळी आणि दुसरी हिरवट असा निकाल बऱ्याचदा हाती येतो. वरच्या सपाट काचेचा उपद्रव वेगळाच. किरण तिच्यातून तिरपा गेला की त्याचा फोकस थोडा मागे सरकतो, आणि तोही आडव्या-उभ्या दिशांना सारखा नाही. म्हणून कोपरे पुसट होतात.

लायकानं कॅमेऱ्याच्या बाजूनं बरेच उपाय केले. काच पातळ ठेवली, सूक्ष्म भिंगं कडेकडे जाताना केंद्राच्या बाजूला सरकवून बसवली, लेन्सच्या माउंटवर सहा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कोड दिला. तो वाचून लेन्स कुठली आहे हे कॅमेऱ्याला कळतं आणि तो कोपरे उजळतो. पण उजळणं फुकट नसतं. दोन स्टॉप उजळलेला कोपरा म्हणजे आयएसओ १६०० वर काढलेल्या फोटोत कोपऱ्यापुरती आयएसओ ६४०० ची खरखर. एफ/१.४ ची लेन्स कशासाठी घेतली होती? कमी उजेडात आयएसओ खाली ठेवण्यासाठीच ना? मग सॉफ्टवेअरच्या हातात सगळं सोपवून कसं चालेल?

म्हणून डिझाइनरांना मागे वळावं लागलं आणि रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये रेट्रोफोकस आलं. वेगवान लेन्सना त्याची गरज आधीपासून होतीच. सेन्सर आल्यावर मंद लेन्सनाही ते जवळ करावं लागलं. ज्या गोष्टीपासून सुटका ही या कॅमेऱ्याची वाइड लेन्सपुरती सगळ्यात मोठी मिळकत होती, तीच गोष्ट आता पैसे मोजून परत घ्यायची. फोइग्टलेंडर नावानं कोसिना कंपनी बनवते त्या १५ मिमी एफ/४.५ लेन्सकडे बघा. १९९९ ची पहिली आवृत्ती इवलीशी होती. २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटल सेन्सर नजरेपुढे ठेवून केली. फोकल लेंग्थ तीच, अपर्चर तेच, वजन दुपटीहून जास्त. वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा मागून निघणारे किरण सरळ करण्यासाठी.

आता आरसा नसूनही लेन्स वाटेल तेवढी मोठी करता येत नाही, कारण तिच्या शेजारी व्ह्यूफाइंडरची खिडकी आहे. लेन्स जाड झाली की खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा उजवीकडचा खालचा कोपरा बॅरलच खाते. म्हणून तर हूडला खिडक्या कापलेल्या असतात. एसएलआरच्या डिझाइनरला जागा मागच्या बाजूला कमी पडते, रेंजफाइंडरच्या डिझाइनरला बाहेरच्या बाजूला. किरण सरळ करायला लेन्स लांब हवी, खिडकी म्हणते आखूड ठेव. ही ओढाताण सोडवायला अ‍ॅस्फेरिकल भिंगं, महागड्या जातीच्या काचा आणि आतल्या आत वेगळ्या गतीनं सरकणारे भिंगांचे गट लागतात. लायकानं २००८ मध्ये २१ मिमी आणि २४ मिमीच्या एफ/१.४ समिलक्स जाहीर केल्या, त्यात हे सगळं होतं. तरी २१ ची लेन्स ५८० ग्रॅमची झाली.

फोकसबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘वाइड लेन्सला काय, सगळंच फोकसमध्ये असतं.’ एफ/८ वर हे खरं आहे. २१ मिमीची लेन्स एफ/८ ला १.८ मीटरवर लावली की सुमारे ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत चालून जातं. तीच लेन्स एफ/१.४ वर उघडा. एक मीटरवर उभ्या माणसापुढे-मागे मिळून जेमतेम २० सेंटिमीटरचा पट्टा उरतो. हे हिशोब फिल्मच्या जुन्या, सैल मापानं. आजच्या सेन्सरचे फोटो मोठे करून बघणाऱ्याला तेवढंही पुरत नाही.

इथे रेंजफाइंडरची एक बाजू फार भक्कम आहे. एसएलआरच्या फाइंडरमधल्या काचेवर वाइड लेन्सनं सगळं बारीक दिसतं आणि सगळंच स्पष्ट असल्याचा भास होतो. रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळवताना लेन्स कुठली लावली आहे याचा संबंधच नसतो. अचूकता यंत्राच्या दोन खिडक्यांतल्या अंतरावर ठरते, आणि ती वाइडसाठी गरजेपेक्षा जास्तच भरते. अडचण पुढे, धातूच्या कामात आहे. २१ मिमीची लेन्स अनंतापासून ०.७ मीटरपर्यंत आणायला जेमतेम ०.७ मिमी पुढे सरकवावी लागते. पण कॅमेऱ्याच्या आतल्या चाकाला प्रत्येक लेन्सनं ५० मिमीच्या लेन्सच्या मापानंच ढकलायचं असतं, म्हणजे चार मिमीच्या वर. त्यामुळे एकच रिंग फिरवताना भिंगं एका आट्यावर हळू आणि कॅम (त्या चाकाला ढकलणारी लेन्सची कड) दुसऱ्या आट्यावर भरभर, असं दुहेरी काम चालतं. एफ/१.४ ला माफ होणारी चूक किती? साधारण ०.०४ मिमी, कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तेवढा फरक माउंटमध्ये पडला, तर अनंतावर लावलेली लेन्स दहा मीटरवर फोकस करते! ५० मिमीच्या लेन्सला तेवढ्याच फरकानं फोकस साठ मीटरच्या आसपास येईल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. महाग लेन्सची किंमत काचेत असते असं आपण धरून चालतो. या लेन्सच्या बाबतीत आट्यांचा आणि जुळवणीच्या हातांचा वाटा मला काचेइतकाच वाटतो.

फ्रेमिंगचं थोडक्यात सांगतो. एमच्या ०.७२ पट खिडकीत २८ मिमीपर्यंतच चौकट दिसते. २१ साठी वर वेगळा फाइंडर लावायचा, म्हणजे एका खिडकीत फोकस आणि दुसरीत चौकट. एफ/८ ला हे मजेत चालतं. एफ/१.४ ला एका खिडकीतून दुसरीत डोळा नेईपर्यंत माणूस हलतो. आणि कोपऱ्यात माणसाचा चेहरा ठेवू नका. ४५ अंशांवर डोकं बाहेरच्या दिशेला १.४ पट ताणलं जातं. तो लेन्सचा दोष नाही, सपाट पडद्यावर प्रतिमा टाकण्याची भूमितीच तशी आहे. कितीही महाग लेन्स घ्या, ती बदलणार नाही.

तर घ्यावी का अशी लेन्स? रात्रीच्या रस्त्यावर, मंद उजेडाच्या खोलीत, माणसाच्या अगदी जवळ जाऊन त्याच्यामागची जागाही दाखवायची असेल, तर दुसरा पर्याय जवळपास नाही. बाकी सगळ्यासाठी लायकाची २०११ ची २१ मिमी एफ/३.४ सुपर-एल्मार मला जास्त शहाणी वाटते. समिलक्सच्या निम्मं वजन, खिडकीत कमी अडथळा. रेंजफाइंडर हातात घेणाऱ्याला जे हवं असतं त्याच्या ती जास्त जवळ आहे. हे मत आहे, वाद घाला.

लेन्स पारखायची असेल तर विटांच्या भिंतीपेक्षा मोकळं, सारखा उजेड असलेलं आकाश घ्या. एकदा पूर्ण उघड्या अपर्चरला, एकदा एफ/५.६ ला. सहा ठिपक्यांचा कोड मेनूत बंद ठेवून. उघड्या अपर्चरला कोपऱ्यात जो जास्तीचा अंधार दिसतो तो बॅरलनं किरण कापल्यामुळे, अपर्चर लहान केलं की जातो. एफ/५.६ ला जो शिल्लक राहतो तो कोनाचा. दोन्ही कडांचे रंगही ताडून पाहा.

शेवटी चिठ्ठीतून आलेला प्रश्न घेतो : ही लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर चालेल का? लागते नक्की. पण अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरवरची काच लायकाच्या मानानं बरीच जाड असते, आणि एमच्या लेन्स ती धरून काढलेल्या नसतात. सुपर-अँग्युलॉनसारख्या सममित लेन्सचे कोपरे तिथे हमखास पुसट येतात, अपर्चर बरंच लहान केलं तरी पूर्ण सावरत नाहीत. नव्या रेट्रोफोकस रचनेच्या लेन्स पुष्कळ बऱ्या चालतात, कारण त्यांचे किरण आधीच सरळ केलेले आहेत. काही जण सेन्सरवरची काच बदलून पातळ बसवून घेतात. तसं केलं की एमच्या लेन्स सुधारतात आणि त्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वाइड लेन्स बिघडतात, कारण त्या जाड काचेचा हिशोब धरून बनवलेल्या असतात.